स्तंभशीर्षके, स्प्रेडशीटमधील

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये वरच्या कडेला ए, बी, सी ही अक्षरे आणि डाव्या कडेला ओळींचे क्रमांक दाखवणाऱ्या पट्ट्या. १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्कपासून ही मांडणी रुळली. एक्सेल २००७ पासून स्तंभ एक्सएफडीपर्यंत, म्हणजे १६,३८४ पर्यंत जातात. त्याआधी ते आयव्हीवर, २५६ ला संपत.

भंडारा जिल्ह्याच्या धान खरेदीचा तक्ता नमुन्यादाखल घेऊ. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या ७ तालुक्यांच्या ओळी. पुढे खरेदीचे क्विंटल, बारदाना, बाकी चुकारे. ‘तालुका’, ‘बारदाना’ ही नावे आपण पहिल्या ओळीत लिहितो, ती शीटचीच असतात. ए-बी-सीची पट्टी मात्र खिडकीची असते, आणि बैठकीत पडद्यावर तक्ता दाखवताना ती उगाच डोळ्यांत येते.

ती हाताने लपवायची तर ‘व्ह्यू’ टॅबच्या ‘शो’ गटातली ‘हेडिंग्ज’पुढची खूण काढावी, कळफलकावर ऑल्ट, मग डब्ल्यू, व्ही, एच. पुन्हा तेच केले की पट्टी परत येते. दोन्ही पट्ट्या एकदमच जातात, एकच ठेवता येत नाही.

व्हीबीएमध्ये एवढीच ओळ पुरते (प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहायची): ‘ॲक्टिव्हविंडो.डिस्प्लेहेडिंग्ज = फॉल्स’. ‘ट्रू’ लिहिले की पट्टी दिसते. हा गुणधर्म ‘वर्कशीट’चा नसून ‘विंडो’चा आहे, आणि नवखे इथेच अडतात. तालुकावार सात शीटांवर लूप फिरवला, पण एकही शीट ॲक्टिव्हेट केली नाही, तर समोरच्या एकाच शीटची पट्टी सात वेळा लपते. बाकीच्या सहा जशाच्या तशा. त्यापेक्षा ‘ॲक्टिव्हविंडो.शीटव्ह्यूज’वर लूप फिरवावा, म्हणजे शीट बदलत बसावे लागत नाही. फायलीत चार्टशीट असेल तर ती वगळावी. तिला हा गुणधर्मच नाही. ही निवड फायलीबरोबर सेव्ह होते, म्हणून मॅक्रो काढून टाकला तरी पट्टी लपलेलीच राहते.

पट्टी गेली की स्तंभाची कड माउसने ओढता येत नाही. चुकाऱ्याची रक्कम मावली नाही आणि जागी #### उमटले, तर ‘होम’मधल्या ‘फॉरमॅट’खालचे ‘ऑटोफिट कॉलम विड्थ’ वापरावे. सेलचा पत्ता सूत्रपट्टीच्या डावीकडच्या चौकटीत दिसतच राहतो. अक्षरे लपवल्याने माहिती सुरक्षित होते ही समजूत चुकीची. खात्यांचे क्रमांक असलेला स्तंभ झाकायचा असेल तर तो स्तंभच ‘हाइड’ करावा, आणि तोही कुणीही उघडू शकतो हे धरून चालावे.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ही सोय ‘व्ह्यू’ मेनूत आहे. एक्सेलच्या छपाईचा हिशेब वेगळा: कागदावर अक्षरे हवी असतील तर ‘पेज लेआउट’मध्ये ‘हेडिंग्ज’खाली ‘प्रिंट’वर खूण करावी, कोडमध्ये ‘पेजसेटअप.प्रिंटहेडिंग्ज’. पडद्यावर पट्टी लपलेली असली तरी ती छापता येते.