डिमॉस्थेनीसचा सभाधीटपणा

महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धांत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस पुष्कळ वर्षे येत आला आहे. त्यांत क्वचितच एखादे वर्ष असे गेले असेल, की ज्या वर्षी कोणा ना कोणा विद्यार्थ्याने तोंडात खडे धरून समुद्राच्या लाटांपुढे बोलणाऱ्या डिमॉस्थेनीसची गोष्ट आम्हांस ऐकवली नाही. गोष्ट केवळ बाजारगप्प नव्हे. प्लूटार्काने ती दिली आहे, आणि डिमीट्रियस फॅलेरियस याने ती खुद्द वृद्ध डिमॉस्थेनीसच्या तोंडून ऐकली होती, असा तिचा आधारही सांगितला आहे. (लाटा मात्र प्लूटार्काच्या नव्हेत, त्या सिसरोच्या ग्रंथात भेटतात.) एका वर्षी हीच गोष्ट सांगणारा एक मुलगा ऐन लाटांपाशी येऊन थांबला. पुढचे वाक्य काही केल्या त्यास आठवेना. त्याने छताकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, मागचे वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिले, आणि अखेर मान खाली घालून तो जागेवर जाऊन बसला. मागच्या बाकांवरून व्हायचा तो हशा झालाच. निकाल सांगण्याच्या गडबडीत त्यास चार शब्द सांगावयाचे राहून गेले. ते असे, की त्याच्या कथानायकावर अगदी हाच प्रसंग ओढवला होता. आणि तोही उमेदवारीच्या दिवसांत नव्हे, तर वयाच्या ३८ व्या वर्षी, तो अथेन्सचा नामांकित वक्ता झाल्यानंतर, आणि एका राजासमोर.

त्या प्रसंगाचे वजन कळण्यास अथेन्समध्ये वक्ता होणे म्हणजे काय होते, हे थोडे ध्यानात घेतले पाहिजे. प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्या आकाशाखाली जनसभा भरे. कित्येक महत्त्वाच्या ठरावांस ६००० मते पडावी लागत, यावरून श्रोतृसमुदायाची कल्पना यावी. बोलणाऱ्याच्या पाठीशी आजच्यासारखा पक्ष नसे, ध्वनिक्षेपक तर नव्हताच. सभेस भाषण रुचले नाही तर ती आरडाओरडा करून वक्त्यास खाली बसवी. विषयाचे ज्ञान नसताना बोलू पाहणारास पहारेकरी ओढून नेत, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे. बरे, सभेने ठराव मान्य केला म्हणजे सुटका झाली असेही नाही. तो ठराव बेकायदेशीर होता, असा दावा पुढे कोणीही लावू शके, आणि मग ज्या वाणीने टाळ्या मिळविल्या तिच्यापायी जबर दंड भरावा लागे. वेळप्रसंगी देशत्याग, क्वचित प्राणही द्यावा लागे.

अशा जागी उभे राहण्यास डिमॉस्थेनीस जन्मतः मुळीच योग्य नव्हता. त्याचा जन्म इ. स. पूर्वी ३८४ मधला. बापाचे तलवारी व पलंग बनविण्याचे कारखाने होते. मिळकत सुमारे १४ टॅलंटची. मुलगा सात वर्षांचा असताना बाप वारला आणि तिघा पालकांनी इस्टेटीची वाट लावली. विशीच्या सुमारास त्याने त्यांच्यावर फिर्याद केली, ती जिंकली, आणि हाती मात्र फारच थोडे आले. या खटल्यातून त्यास एक धंदा सापडला. अथेन्सच्या न्यायालयात पक्षकारास स्वतःच बोलावे लागे. म्हणून पैसे घेऊन दुसऱ्यासाठी भाषणे लिहून देणारे लोक असत, त्यांत तो शिरला. दुसऱ्याच्या तोंडी धीटपणाचे शब्द घालणे त्यास उत्तम साधले. स्वतः सभेत उभा राहिला, तेव्हा मात्र लोकांनी त्याची टर उडविली. आवाज बारीक, श्वास तोकडा, वाक्ये लांबलचक. पुढे सॅटिरस नावाच्या नटाने त्यास अभिनयाचे महत्त्व पटविले. तळघरातली अभ्यासिका, अर्धे डोके भादरून घेऊन महिनोन्‌महिने घरात कोंडून घेणे, आरसा, खडे, चढावावर पळत भाषण म्हणणे, हे सर्व त्यानंतरचे. ते सर्वश्रुत आहे. आम्हांस विशेष वाटते ते पिरीअस बंदरात भेटलेल्या यूनोमस नावाच्या म्हाताऱ्याचे बोलणे. फजितीने खिन्न होऊन भटकणाऱ्या या तरुणास त्याने सुनावले, की तुझी भाषणशैली थेट पेरिक्लीसची आहे, परंतु भित्रेपणाने आणि मनाच्या दुबळेपणाने तू तिची माती करीत आहेस. म्हणजे रोगाचे निदान प्रथमच झाले होते. रोग जिभेचा होता तितकाच मनाचा होता. खडे जिभेसाठी. मनासाठी काय?

प्लूटार्क जे सांगतो त्यावरून पाहता, हा मनाचा रोग कधी समूळ बरा झालाच नाही. आयत्या वेळी बोलणे डिमॉस्थेनीस शक्यतो टाळी. सभेत बसलेला असताना लोकांनी नाव घेऊन हाका मारल्या, तरी विषयाची तयारी नसेल तर तो उठत नसे. त्याच्या युक्तिवादांना दिव्याच्या वातीचा वास येतो, अशी पिथियास नावाच्या वक्त्याने थट्टा केली. याच्या अगदी उलट स्वभावाचा डिमेडीस. त्याने कधी तयारी म्हणून केली नाही आणि तो कधी अडलाही नाही. श्रोत्यांच्या गोंगाटाने डिमॉस्थेनीस गडबडून गेला, म्हणजे कित्येकदा डिमेडीसच उठून त्याची बाजू सावरून धरी. डिमेडीसवर मात्र अशी पाळी कधी आली नाही. आपल्या भाषेत सभाधीट हा जो सुंदर शब्द आहे, तो या दोघांपैकी कोणास लावावयाचा, तर डिमेडीसलाच लावला पाहिजे. आणि तरी त्याचे एकही विश्वसनीय भाषण आज उरलेले नाही.

तयारीवरील आक्षेपास डिमॉस्थेनीसने जे उत्तर दिले, ते आम्हांस फार मोलाचे वाटते. तो म्हणे, की जो तयारी करून बोलतो तोच खरा लोकसत्तेचा माणूस. कारण तयारी हा लोकांचा आदर आहे, आणि आपले बोलणे लोकांस कसे वाटेल याची पर्वा न करणे हे मनधरणीऐवजी बळावर भिस्त ठेवणाराचे लक्षण आहे. यात स्वतःच्या उणिवेवर पांघरूण घालण्याचा डाव नसेलच असे नाही. पण पांघरूण असले तरी ते चांगल्या कापडाचे आहे.

आता पेल्लाची गोष्ट. इ. स. पूर्वी ३४६ मध्ये मॅसिडोनचा राजा फिलिप याच्याशी तहाचे बोलणे करण्याकरिता अथेन्सने दहा दूत पाठविले. त्यांत डिमॉस्थेनीस होता आणि त्याचा पुढे हाडवैरी झालेला एस्किनीसही होता. वाटेत डिमॉस्थेनीसने मोठी बढाई मारली, की आपल्याजवळ युक्तिवादांचे झरेच्या झरे आहेत आणि त्यांच्या जोरावर आपण फिलिपचे तोंड शिवून टाकू. दरबारात दूत वयाच्या क्रमाने बोलले. डिमॉस्थेनीस सर्वांत धाकटा, म्हणून त्याची पाळी शेवटची. आधीच्या नऊ जणांची भाषणे ऐकत त्यास ताटकळत बसावे लागले असणार. सर्वांचे कान टवकारलेले. ज्याने आपल्याविरुद्ध अथेन्स पेटविले तो हाच, हे फिलिपासही ठाऊक होते. डिमॉस्थेनीसने भीतीने अर्धमेले होऊन काहीतरी अस्पष्ट प्रस्तावना केली, मुद्द्याकडे थोडासा वळला, आणि एकाएकी गप्प झाला. फिलिपाने त्यास धीर दिला. हे काही नाटकगृह नव्हे, येथे चुकल्याने नटासारखा घात होत नाही, सावकाश आठवून जे ठरविले असेल ते बोलावे, असे तो म्हणाला. डिमॉस्थेनीसने पुन्हा प्रयत्न केला आणि तो पुन्हा अडला. लिहून आणलेल्या भाषणाचा धागा एकदा तुटला तो जुळेचना. दरबारात शांतता पसरली. मग चोपदाराने सर्वांस बाहेर जाण्यास सांगितले.

ही हकीकत आपणांस मिळते ती एस्किनीसच्या भाषणातून. आणि ते भाषण त्याने तीन वर्षांनी, डिमॉस्थेनीसनेच भरलेल्या खटल्यात, स्वतःच्या बचावासाठी केले. वैऱ्याची साक्ष, तीही आरोपीच्या पिंजऱ्यातून! अर्धमेला वगैरे शब्द त्याच्या पदरचे असतील, फिलिपाचा गोड उपदेशही सजवून सांगितलेला असेल. एस्किनीस पूर्वाश्रमीचा नट, तेव्हा नाटकगृहाचा दृष्टांत त्यास सुचावा हे साहजिक आहे. तथापि मूळ घटना सर्वस्वी कल्पित असावी, असे आम्हांस वाटत नाही. बरोबरचे दूत हयात होते. त्यांच्यादेखत धडधडीत खोटे रचणे धोक्याचे होते. शिवाय प्लूटार्काने रंगविलेल्या स्वभावाशी ही घटना तंतोतंत जुळते. पाठांतराचा आधार घेणारा मनुष्य पाठांतराच्याच ठिकाणी मोडतो.

ज्या सिसरोस प्लूटार्काने डिमॉस्थेनीसच्या जोडीला बसविले, त्याचीही गत याहून फार निराळी नव्हती. भाषणाच्या आरंभी आपले काळीज धडधडते, असे तो स्वतःच सांगतो, आणि इ. स. पूर्वी ५२ मध्ये मायलोच्या खटल्यात सभोवार पाँपीचे सशस्त्र शिपाई आणि विरुद्ध पक्षाचा गलका पाहून त्याच्या बोलण्यात नेहमीचे स्थैर्य राहिले नाही. आज आपण वाचतो ते भाषण त्याने मागाहून सवडीने लिहिलेले आहे.

पेल्लाची गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात. परंतु एस्किनीस थांबत नाही, आणि आमच्या मते त्याच्या भाषणातला खरा मोलाचा भाग यापुढेच आहे. अथेन्सला परतताच हा फजीत झालेला मनुष्य जनसभेपुढे बोलावयास उभा राहिला. इतर दूत फिलिपाच्या रूपाची, स्मरणशक्तीची आणि मद्यपानातील कौशल्याची तारीफ करून बसले होते. त्याने त्या सर्वांची खिल्ली उडविली. पुढे काही महिन्यांतच तहाच्या शपथा घेण्याकरिता दुसरे दूतमंडळ पेल्लास गेले. तोच राजा, तोच दरबार, आणि या खेपेस सर्व ग्रीसमधून आलेल्या दूतांची गर्दी. तेथे डिमॉस्थेनीसने काय करावे? आपण वयाने सर्वांत लहान असलो तरी पहिल्याने बोलण्याचा मान दुसऱ्या कोणास देणार नाही, असे तो म्हणाला, आणि पहिल्याने बोलला! एस्किनीस हे त्याचा उद्धटपणा दाखविण्याकरिता सांगतो. भाषण भिकार झाले आणि लोक पोट धरून हसले, असेही तो सांगतो. झालेही असेल भिकार. पण जेथे वाचा बसली त्याच जागी, ज्यांनी ते पाहिले त्यांच्याच समोर, आणि शेवटच्या क्रमाची भीड टाकून पहिला क्रम मागून घेऊन तो उभा राहिला, ही गोष्ट वैऱ्याने दिलेली असल्यामुळेच आम्ही निःशंकपणे खरी मानतो. पेल्लाच्या पहिल्या प्रसंगाविषयी त्याच्या स्वतःच्या उपलब्ध भाषणांत चकार शब्द नाही.

सात वर्षांनी दुसरी एक शांतता पसरली. इ. स. पूर्वी ३३९ मध्ये फिलिपाने इलाटिया घेतल्याची बातमी एका संध्याकाळी अथेन्सला येऊन थडकली. अधिकारी जेवावयास बसले होते ते पानावरून उठले. कोणी चौकातील दुकाने उठविली, कोणी सेनापतींस बोलावणी पाठविली. दुसऱ्या दिवशी उजाडताच सारे शहर टेकडीवर जमले. बोलावयाचे कोणाच्या मनात आहे, असे चोपदाराने विचारले. कोणी उठेना. त्याने पुनःपुन्हा विचारले. सर्व सेनापती हजर, सर्व वक्ते हजर. डिमेडीससारखे धीट लोकही तेथे असलेच पाहिजेत. तेव्हा डिमॉस्थेनीस पुढे आला, आणि जुन्या वैऱ्याशी, म्हणजे थीब्जशी, सख्य करण्याचा सल्ला त्याने दिला. ही हकीकत त्याने स्वतःच नऊ वर्षांनी सांगितलेली आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पेल्लाची कथा वैऱ्याची, इलाटियाची स्वतःची. दोन्हींतून सारखीच वजावट करावी. तरी एवढे उरतेच, की थीब्जशी तह झाला आणि तो त्याच्या बोलण्याने झाला.

त्या तहाचे फळ मात्र खेरोनियाचा पराभव. इ. स. पूर्वी ३३८ मध्ये हजारावर अथेनियन तेथे पडले, सुमारे २००० कैद झाले, आणि डिमॉस्थेनीस स्वतः हत्यारे टाकून पळाला, असे प्लूटार्क म्हणतो. सभेतील धैर्य आणि रणातील धैर्य ही दोन निराळी असतात, याबद्दल आम्हांस शंका नाही. चमत्कार हा, की मेलेल्या वीरांवर भाषण करण्यास लोकांनी त्यालाच निवडले. ज्याच्या सल्ल्याने मुलगे मेले, त्याच्याच तोंडून त्यांची स्तुती ऐकण्यास आईबाप आले. त्या भाषणास उठताना त्याची काय अवस्था झाली असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

इ. स. पूर्वी ३३० मध्ये एस्किनीसशी शेवटची गाठ पडली. टेसिफॉन नावाच्या गृहस्थाने डिमॉस्थेनीसला सुवर्णमुकुट द्यावा, असा ठराव आणला होता. त्यावर एस्किनीसचा दावा. एस्किनीसने न्यायाधीशांस अशी गळ घातली, की उत्तर देताना यास माझ्याच क्रमाने बोलावयास लावा. डिमॉस्थेनीसने देवांची प्रार्थना करून आरंभालाच मागणी केली ती हीच, की क्रम माझा मला ठरवू द्यावा. पेल्लास ज्याचा क्रम तुटला होता त्याने येथे क्रमासाठी आग्रह धरावा, हे आम्हांस केवळ कायद्याचे डावपेच वाटत नाहीत. तो आपल्या क्रमाने बोलला. एस्किनीसला एकपंचमांश मतेही पडली नाहीत. दंड होऊन त्यास अथेन्स सोडावे लागले.

पुढचा काळ वैभवाचा नाही. हार्पालसच्या पैशांच्या भानगडीत डिमॉस्थेनीसला ५० टॅलंट दंड झाला. त्या प्रकरणात एके दिवशी तो गळ्यास लोकरी पट्टे गुंडाळून सभेत आला आणि आवाज बसल्याची सबब सांगू लागला. तेव्हा गळा थंडीने नव्हे, चांदीने धरला आहे, अशी लोकांनी थट्टा केली. हा प्रसंग त्याच्या चाहत्यांस आवडत नाही. आम्हांसही आवडत नाही.

इ. स. पूर्वी ३२२ मध्ये अँटिपॅटरने अथेन्सचा पाडाव केला आणि विरोधी वक्त्यांना धरण्यास माणसे सोडली. त्यांचा म्होरक्या आर्कियास हा पूर्वीचा शोकांत नाटकांतला नट. डिमॉस्थेनीस कॅलॉरिया बेटावर पोसायडनच्या देवळात आश्रयास होता. आदल्या रात्री त्यास स्वप्न पडले होते, की आपली व आर्कियासची रंगभूमीवर चढाओढ लागली आहे. आपण उत्तम वठवीत आहोत, प्रेक्षकही खूश आहेत, पण साजसामानाच्या अभावी आपण हरत आहोत. सकाळी आर्कियास दारात येऊन गोड गोड बोलू लागला. डिमॉस्थेनीस बसल्या जागेवरून वर पाहून म्हणाला, की तुझ्या अभिनयाने मला कधी भुरळ घातली नाही, आणि तुझ्या आश्वासनांनीही आता पडणार नाही. मग आर्कियास धमकावू लागला. डिमॉस्थेनीसने घरच्या मंडळींस चार ओळी लिहितो म्हणून थोडा अवधी मागितला, आत जाऊन पत्र लिहावयास घेतले, आणि लिहिताना विचार करते वेळी चावण्याची सवय होती तसा बोरू दातांत धरला. विष बोरूत होते. दारातले शिपाई त्याने डोके झाकून घेतलेले पाहून भित्रा म्हणून हसत होते.