ड्रॉइंगचा उमेदवार मास्तर

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये, पहिल्या सेक्टरात सत्ताविसाव्या मेन रोडवर निफ्टचं आवार आहे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचं हे बेंगळुरू केंद्र 1997 चं. पत्त्यात ‘सी. ए. साइट क्र. 21’ असं लिहिलेलं असतं. विकास प्राधिकरण वसाहत आखतं तेव्हा शाळा, दवाखाने, वाचनालयं अशा सार्वजनिक गरजांसाठी काही भूखंड राखून ठेवतं, हे सी. ए. भूखंड ते. होसूर आणि सर्जापूर रस्त्यांच्या बेचक्यात, अगरा तळ्याच्या शेजारी वसलेल्या या सात सेक्टरांच्या वसाहतीत चित्र काढता येण्याला अशी पक्की, सरकारी जागा मिळाली आहे. निफ्टच्या प्रवेशपरीक्षेत सर्जनक्षमतेची वेगळी चाचणी असते. ती देणारी मुलं पेन्सिल धरायला कुठल्यातरी शाळेच्या वर्गात शिकतात. तो वर्ग घेणारा माणूस कुठून येतो, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

या वसाहतीत पुणे, कोल्हापूर, नागपूर, बेळगाव सोडून आलेली मराठी कुटुंबं राहतात. मुलाला शाळेत घालताना त्यांतल्या एखाद्या आईने ‘तुमच्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवतात का?’ असं विचारलं, तर समोरच्या बाईंना काही बोध होईलच असं नाही. त्यात बाईंची चूक नाही. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षा म्हणजे मुंबई इलाख्याचा वारसा. मद्रासकडच्या सरकारी परीक्षांत ड्रॉइंगच्या पायऱ्या ‘लोअर’ आणि ‘हायर’ अशा असत, आणि कर्नाटकातही आज याच नावांच्या परीक्षा होतात. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे मात्र राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत, मुंबईशी जोडलेले होते. त्यामुळे तिकडच्या जुन्या घरांत मुंबईची परीक्षा दिलेले आजोबा सापडतात आणि बेंगळुरूच्या जुन्या घरांत ‘हायर’ पास झालेले.

नाव काहीही असो, परीक्षेला मास्तर लागतो आणि मास्तर कुठेतरी घडावा लागतो.

मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी 1853 मध्ये कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. शाळा, म्हणजे आजचं जे. जे., सुरू झाली ती मार्च 1857 मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत. 1865 मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आला, त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्सही. 1878 मध्ये शाळा स्वतःच्या इमारतीत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी, 1879 मध्ये, ड्रॉइंग हा शिकवण्याचा विषय म्हणून दाखल झाला. आणि ड्रॉइंग शिकवणारे तयार करण्याचा वर्ग निघाला 1893 मध्ये. विषय आधी, शिक्षक चौदा वर्षांनी. आपल्याकडे हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

या वर्गातल्या उमेदवाराला जे शिकवलं जाई त्याचं मूळ लंडनमध्ये होतं. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनानंतर इंग्लंडला आपल्या कारखान्यांतल्या मालाच्या नक्षीची लाज वाटू लागली आणि हेन्री कोलच्या पुढाकाराने साउथ केन्सिंग्टनला सरकारी कलाशिक्षणाचा गाडा सुरू झाला. रिचर्ड रेडग्रेव्हने आखलेला त्याचा अभ्यासक्रम 23 टप्प्यांचा होता. सुरुवात रेघेपासून. मग छापील नमुन्याची बाह्यरेषा, मग छाया, रंग पुष्कळ उशिरा. मुलाला काय वाटतं, याला त्यात जागा नव्हती. हात सरळ चालतो का आणि नजर प्रमाण पकडते का, एवढंच पाहायचं. चित्रकार घडवणं हा हेतूच नव्हता. सुतार, कोरीवकाम करणारा, नकाशा काढणारा ओव्हरसिअर आणि गिरणीचा नक्षीकार हवा होता. महाराष्ट्रातल्या ‘शासकीय रेखाकला परीक्षे’च्या नावातसुद्धा रेखा आहे, रंग नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन ही तिची विभागणी पाहिली, तर त्या जुन्या कारखान्याची सावली अजून दिसते.

पण या व्यवस्थेला नुसतं नावं ठेवून चालणार नाही. तिने एक गोष्ट पक्की केली: चित्र काढता येणं आणि चित्र शिकवता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीचंही वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. पुढे आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे ए.टी.डी., आणि आर्ट मास्टर, म्हणजे ए.एम., असे अभ्यासक्रम रुळले. 1965 मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कला संचालनालय झालं आणि रेखाकला परीक्षा त्याच्याकडे आल्या. ए.टी.डी. करणाऱ्या मुलामुलींना खरी धास्ती असे ती सरावपाठांची.

सरावपाठ म्हणजे उमेदवार मास्तराने खऱ्या शाळेत, खऱ्या नववीच्या वर्गापुढे घेतलेला तास. आदल्या रात्री पाठटाचण लिहायचं. सकाळी पिशवीत तांब्या, वांगं, एखादी वीट, घडी घालून पडद्याचं कापड घ्यायचं. टेबलावर मांडणी अशी करायची की पहिल्या बाकालाही दिसावी आणि शेवटच्यालाही. तिथेच पहिली अडचण येते. प्रत्येक बाकावरून तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळं निराळी दिसतात, आणि पुस्तकात मात्र एकच आकृती असते. हुशार उमेदवार मुलांना हात ताठ करून पेन्सिलीने उंची-रुंदीचं माप घ्यायला लावतो. मग ज्याला जे दिसतं ते त्याचं बरोबर, हे मुलांना पटतं. नवखा उमेदवार फळ्याकडे वळून स्वतःला दिसणारा तांब्या काढतो, आणि चाळीस मुलं तांब्याकडे न बघता फळ्याकडे बघून चित्र काढतात. मागच्या बाकावर मार्गदर्शक अध्यापक निरीक्षणवही उघडून बसलेले असतात. त्यांची पेन्सिल त्या क्षणी हलते.

फळा ही या मास्तराची रंगभूमी. खडूने भरभर, मोठं आणि वर्गाकडे पाठ न करता रेखाटता येणं, हा प्रशिक्षणाचा भाग असे. गणिताच्या मास्तराचा फळा मधल्या सुट्टीत पुसला जाई. ड्रॉइंग मास्तराने दिंडी किंवा शिवजयंतीचं चित्र काढलेला फळा शाळा दोन-दोन दिवस जपून ठेवत असे. स्नेहसंमेलनाचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावं, गणपतीची आरास, पाहुण्यांच्या स्वागताची पाटी ही सगळी कामं त्याच्याच गळ्यात. उमेदवाराला हे कुठल्या टाचणात सांगितलेलं नसे. शाळेत पाऊल ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक त्याला बोलावून घेत, तेव्हा कळे.

आणि टाचण होतं तरी कसं? आपल्या अध्यापक विद्यालयांवर जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपदीचा दाट पगडा होता: पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. इतिहासाला ती शोभते. स्मरणचित्राच्या तासाला सामान्यीकरण कसलं करायचं? ‘भाजी मंडई’ या विषयावर तीस मुलांनी तीस मंडया काढल्या तर नियम कोणता निघतो? उमेदवार मग रकाने भरण्यापुरतं काहीतरी लिहीत आणि वर्गात वेगळंच करत. माझ्या मते या विषयाचं अध्यापनशास्त्र आपल्याकडे कमकुवत राहिलं त्याचं एक कारण हेच. भाषा-गणितासाठी शिवलेला अंगरखा चित्रकलेच्या अंगावर तसाच चढवला गेला.

साहित्याचाही प्रश्न होता. सुरुवातीला चांगले रंग आणि कागद विलायतेहून येत आणि ते सामान्य घरातल्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे असत. मुंबईत दांडेकरांनी 1931 मध्ये शाईच्या धंद्यातून सुरू केलेली कॅम्लिन पुढे रंगांकडे वळली आणि तिची रंगपेटी दप्तरात आली, तेव्हा उमेदवाराला वर्गात ‘रंग काढा’ असं निर्धास्त म्हणता येऊ लागलं.

एका मास्तराच्या किंवा हेडमास्तराच्या नजरेने आयुष्य पालटल्याच्या कथा या इतिहासात बऱ्याच आहेत. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांमधला चित्रकार त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ओळखला आणि मुलगा जे. जे.मध्ये पोचला. 1908 मध्ये हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. त्यांचं हातात समई धरलेल्या स्त्रीचं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक कन्नड पर्यटक आजही ते राजा रविवर्म्याचं समजून बघतात. चित्रासाठी उभी राहिलेली हळदणकरांची मुलगी गीता उपळेकर 2018 मध्ये कोल्हापुरात वारली, वयाच्या 102 व्या वर्षी. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून शिरले, तिथेच शिक्षक झाले आणि 1931 मध्ये बाहेर पडले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मकथन कलाशिक्षणाच्या इतिहासाचं मराठीतलं पहिल्या दर्जाचं साधन आहे, आणि कलाशिक्षकाच्या अभ्यासक्रमात ते सक्तीने वाचायला लावलं पाहिजे.

वाहतूक दोन्ही बाजूंनी होती. उडुपीजवळचे के. के. हेब्बर मुंबईत आले ते प्रथम दंडवतीमठ या कानडी शिक्षकाच्या नूतन कला मंदिरात, मग जे. जे., आणि 1940 पासून काही वर्षं तिथेच अध्यापन. धारवाडचे डी. व्ही. हालभावी जे. जे.मध्ये शिकून गावी परतले आणि त्यांनी तिथे कलाशाळा काढली.

या सगळ्यांत बेळगावच्या के. बी. कुलकर्णींचं उदाहरण उमेदवार मास्तरासाठी सर्वांत बोलकं. जे. जे.मधून शिकलेला, व्यक्तिचित्रात हातखंडा असलेला हा चित्रकार मुंबईत न राहता बेळगावात राहिला, बेनन स्मिथ हायस्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवू लागला आणि शाळेबाहेर ‘चित्रमंदिर’ चालवू लागला. सीमेवरचं गाव, घरात मराठी, रस्त्यावर कानडी. रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस हे त्यांचे विद्यार्थी. परांजपे पुढे मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात आणि बोधचित्रांत मोठे झाले. 2022 मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. के. बीं.च्या वर्गात शिस्त तीच जुनी, म्हणजे प्रमाण, छायाप्रकाश आणि पुन्हा प्रमाण. पण शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांसमोर रंगवायला बसे. साउथ केन्सिंग्टनच्या 23 टप्प्यांत ही गोष्ट नव्हती. शाळेतला मास्तर स्वतः चित्र काढायचं थांबवतो तेव्हा त्याच्या वर्गात फक्त सूचना उरतात, के. बीं.नी ते होऊ दिलं नाही.

जुन्या पद्धतीला सगळ्यांत मुळातून प्रश्न विचारला गेला तो वर्ध्याजवळ. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचं काम सेवाग्रामला उभं राहिलं आणि शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 पासून तिथे कलाशिक्षक होते. मुलाला नमुना उतरवायला लावू नका, त्याच्या हाती माती द्या, त्याला स्वतःचं चित्र काढू द्या, आणि त्यावर श्रेणी मारू नका, असा त्यांचा आग्रह. महाराष्ट्राच्या भूमीवर हे घडत असताना महाराष्ट्रातल्याच शाळा ए, बी, सी ग्रेडच्या मागे होत्या. सेवाग्रामचा धडा आपल्या कलाशिक्षक विद्यालयांनी अभ्यासक्रमात कोपऱ्यात ठेवला, हा करंटेपणाच.

बेंगळुरूची वाट थोडी निराळी. म्हैसूर संस्थानातलं सरकारी कलाशिक्षण म्हैसूरच्या चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये एकवटलं होतं. बेंगळुरूत ए. एन. सुब्बराव यांनी 1919 मध्ये ‘कलामंदिर’ सुरू केलं, तेही खाजगी हिमतीवर. 1960 मध्ये कर्नाटक चित्रकला परिषद उभी राहिली. त्याच दशकाच्या अखेरीस बदामीकडच्या आर. एम. हडपद यांनी ‘केन’ कलाशाळा काढली. चित्रकार म्हणून नाव कमावणारे अनेक जण इथून निघाले. शहरातल्या शाळांना चित्रकलेचे शिक्षक बरेचसे अशाच संस्थांनी पुरवले.

एचएसआर लेआउट त्यानंतरचं. इथल्या नव्या इंग्रजी शाळा बहुतेक केंद्रीय किंवा आयसीएसई मंडळाच्या. लोअर-हायरशी त्यांचं देणंघेणं नाही आणि एलिमेंटरीशी तर नाहीच. केंद्रीय मंडळाने 2019 मध्ये पहिली ते बारावी आठवड्याला कलेचे किमान दोन तास सक्तीचे केले. त्याआधी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर कलेसाठी अर्धवेळ निदेशक असावा असं म्हटलं. अर्धवेळ. या एका शब्दाने गावोगावच्या पूर्णवेळ ड्रॉइंग मास्तराच्या खुर्चीचा पाया खचला, कारण तो सेवानिवृत्त झाला की जागा भरायची घाई कुणाला नसते.

प्रशिक्षणाच्या बाजूला मात्र एक खरी सुधारणा झाली आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव किमान 20 आठवड्यांचा. पूर्वीचा उमेदवार चार पाठ घेऊन, मागच्या बाकाला सलाम करून घरी जायचा. आता त्याला मूल ओळखू येईपर्यंत वर्गात राहावं लागतं: कोण डाव्या हाताने काढतं, कोण खोडरबर सोडत नाही, कुणाच्या घरी रंग नाहीत. त्याच नियमांत दृश्यकलेच्या शिक्षकासाठी स्वतंत्र पदविकाही आहे. अडचण एवढीच की कलापदवी घेतलेली व्यक्ती कसलंही अध्यापन-प्रशिक्षण न घेता थेट वर्गात उभी करणं शाळांना सोपं आणि स्वस्त पडतं.

एचएसआरमध्ये किंवा कुठेही मुलासाठी शाळा बघायला जाल तेव्हा जलतरण तलावाची लांबी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. ड्रॉइंगचा तास कोण घेतं? त्यांचं शिक्षकी प्रशिक्षण कुठे झालं? आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या सरांना देता का?