गिरणीचा रंग आणि आतड्याची गाठ

रत्नागिरीचा इतिहास सांगावयाचा तर मुंबईच्या गिरण्यांना वगळून चालत नाही. आपल्या कित्येक पिढ्या बोटीने परळ-लालबागला गेल्या आणि साच्यावर उभ्या राहिल्या. त्याच परळात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. गिरणीत कापड रंगत होते आणि रुग्णालयात काचेच्या पट्टीवर मांसाचा पातळ पापुद्रा रंगत होता. या दोन रंगकामांचे नाते फार जवळचे आहे.

पेशी मुळात बिनरंगी. रंग चढविल्यावाचून सूक्ष्मदर्शकालाही तिच्यातले फारसे उमगत नाही. हे रंग वैद्यकाला बहुतांशी कापडधंद्याने दिले. हेमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडाचा. त्याने पूर्वी कापड रंगवीत. मॅजेंटा १८५९ साली फ्रान्समधील लिऑन या रेशमाच्या गावी निघाला. अशाच रंगापासून ह्यूगो शिफ यांनी १८६६ साली एक द्रावण बनविले आणि १९४६ साली मॅकमॅनस यांनी त्याच द्रावणाने शरीरातील श्लेष्मा किरमिजी रंगवून दाखविला. पुढे १९५० साली स्टीडमन यांनी ॲल्शियन ब्ल्यू हा निळा रंग त्याच कामी आणला. तोही मूळचा कापडासाठीच केलेला.

श्लेष्मा म्हणजे आतड्याच्या आतील बुळबुळीत लेप. पोट बिघडले म्हणजे आव पडते, ती हीच. त्याचे मुख्य द्रव्य म्यूसिन. प्रथिनाचा लांब धागा आणि त्याला सर्व बाजूंनी साखरेचे केस, असे त्याचे रूप असते. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढे आणावा. हा लेप म्हणजे पहारा आहे. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असून आतला थर जंतूंना जवळ येऊ देत नाही, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली उंदरांवरून दाखविले. त्याआधी, २००२ साली, ज्या उंदरांत आतड्याचे प्रमुख म्यूसिन तयारच होत नव्हते, त्यांच्या आतड्यांत गाठी आढळल्या होत्या.

गाठ होऊ लागली की म्यूसिनची जात बदलते. इसाबेल फिलीपे यांनी १९६९ साली दाखविले की निरोगी मोठ्या आतड्यात गंधकयुक्त म्यूसिन अधिक असते, तर कर्करोगाशेजारच्या अस्तरात ते घटून दुसऱ्या प्रकारचे वाढते. केवढी आशा उत्पन्न झाली! परंतु असाच बदल साध्या दाहातही होतो, हेही पुढे दिसून आले. तेव्हा ही खूण साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आज प्रतिपिंडांच्या साहाय्याने एकेक म्यूसिन वेगळे ओळखता येते. तरीही तिची साक्ष इतर पुराव्यांबरोबरच तपासावी लागते.

काही गाठींत पेशी श्लेष्म्याने इतकी फुगते की तिचे केंद्र कडेला ढकलले जाते आणि ती खड्याच्या अंगठीसारखी दिसते. ही जात विशेष घातक. टाटा रुग्णालयातील ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे रुग्ण तरुण, अंगठीसारख्या पेशींच्या गाठी अधिक आणि रोग पुढे गेल्यावर येणारेही अधिक, असा तिचा निष्कर्ष आहे.

यातील शेवटची गोष्ट मला सर्वांत झोंबते. गाठीची जात कोणती, हे नशिबाचे असेल. उशीर मात्र पुष्कळदा आपण पदरात घेतलेला असतो. शौचातून रक्त पडते, माणूस मूळव्याध म्हणून झाडपाला घेतो. तपासणीला जावे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि असे दुखणे चारचौघांत बोलण्याची लाजही वाटते. मी कामगारांत वावरणारा माणूस. ही लाज आणि ही मजुरी, दोन्ही जवळून पाहिली आहेत. मूळव्याध असेलही, पण तो निर्णय डॉक्टरांनी तपासून द्यावा. युनियनने पगारी रजा मागताना तपासणीचा दिवसही मागावा.

ज्या कामगारांनी कापड रंगविले, त्यांच्याच धंद्यातील रंग आज त्यांच्या आतड्याची खबर देतो. मात्र पट्टीवर ठेवावयाचा तो तुकडा प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचला पाहिजे.