गिटारचा टणत्कार आणि आस

कंप्रेसर मुळात संगीतासाठी आलाच नाही. १९३०च्या दशकात रेडिओच्या प्रक्षेपकावर जादा भार येऊ नये म्हणून मोठा आवाज आपोआप खाली ओढणारी यंत्रं निघाली. ध्वनिमुद्रणात त्यांचा वापर वाढला तो नंतर. अकूस्टिक गिटारची तार छेडली की टणत्कार मोठा, आस मात्र विरत जाते. कंप्रेसर टणत्कार दाबतो, मग एकूण पातळी वाढवली की आस वर येते. ३:१ प्रमाण ठेवलं, तर मर्यादेपलीकडचे ६ डेसिबल २ होतात. यंत्र फार चपळ ठेवलं तर नखाचा स्पर्शच मरतो, म्हणून त्याला २०-३० मिलिसेकंद थांबवायचं.

आम्हाला ही लबाडी वाटे. वादकाने जपलेला लहान-मोठेपणा पुसायचा कशाला?

पण १९६८ साली कीथ रिचर्ड्सने ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’साठी अकूस्टिक गिटार छोट्या फिलिप्स कॅसेट रेकॉर्डरवर मुद्दाम जादा मोठ्याने घेतली. टेपला ते पेललं नाही, आवाजाची टोकं चेपली गेली. तेच स्पीकरवर वाजवून स्टुडिओत पुन्हा मुद्रित केलं. इलेक्ट्रिक वाटणारी ती गिटार अकूस्टिकच आहे! खोलीतला आवाज त्याला नकोच होता. मग लबाडी कसली?

एकल शास्त्रीय गिटारला मात्र आम्ही आजही हे यंत्र लावू देणार नाही.