राणीच्या बागेंतील काश्मिरी पाहुणा

सिंहलद्वीपांतील नुवारा एलिया हें शहर इंग्रजांनीं थंड हवेच्या ओढीनें वसविलें, आणि तेथील उद्यानाला १८९७ सालीं आपल्या राणीच्या हीरकमहोत्सवाप्रीत्यर्थ व्हिक्टोरिया हें नांव दिलें. राणी १९०१ त वारली, १९४८ त राज्यही गेलें. परंतु ज्याला कोणीं निमंत्रण दिलें नव्हतें, तो पाहुणा अद्यापि दर हिवाळ्यांत तेथें उतरतो. तो म्हणजे काश्मिरी माशीमार. चिमणीहूनही लहान, नराचा गळा व छाती तांबूस, तिला दोहों बाजूंस काळी किनार. एवढासा जीव सुमारें ३,००० किलोमीटर उडून ऑक्टोबरांत येतो, मार्चअखेर परततो!

१९३४ सालीं हार्टर्ट व स्टाइनबाखर यांनीं त्याला शास्त्रीय नांव दिलें, तेंही दुसऱ्या एका माशीमाराची पोटजात म्हणून. आज तो स्वतंत्र जातीचा मानला जातो, पण त्याचबरोबर धोक्यांत आलेल्या पक्ष्यांतही त्याची गणना होते. कारण काश्मिराकडील त्याचीं विणीचीं अरण्यें तुटत गेलीं. तीं तुटलीं तर सिंहलांतल्या माळ्यानें बाग कितीही राखली तरी काय उपयोग? आणखी एक मौज आम्हांस सांगावीशी वाटते: त्याला पाहूं इच्छिणारे जाणते लोक फुलांच्या ताटव्यांकडे वळत नाहींत, ते बागेंतल्या घाणेरड्या नाल्याकाठीं, झुडपांच्या सावलींत, मुकाट्यानें उभे राहतात.