कलम आलं, केंबरं मागेच राहिली



गेल्या काही महिन्यांत आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेलो, तिथे एक प्रश्न फिरून फिरून निघाला. रान हलकं, मुरमाड. विहिरीला पाणी जेमतेम. डाळिंबावर तेल्या येऊन गेलेला. मग अंजीर लावायचं का? आणि लावायचं तर कोणतं? रोपं विकणारा माणूस गावात येतो, रंगीत कागद पुढे करतो. त्यावर ‘डायना’ असतं, ‘ब्राऊन टर्की’ असतं, ‘कोनाड्रिया’ असतं. सुकवून विका, सुक्या मेव्याच्या भावात जाईल, असंही तो सांगतो. गटातून कर्ज काढून रोपं घ्यायची, तर ही नावं आली कुठून हे आपल्याला ठाऊक पाहिजे. म्हणून आजच्या बोलण्यात खत-पाण्यापेक्षा इतिहास जास्त आहे.

सुरुवात उंबरापासून करू. फार दिवसांनी कोणी घरी आलं की आपण म्हणतो, उंबराचं फूल झालास की रे! उंबराचं फूल कोणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच असतं. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही एकाच कुळातली भावंडं. अंजीर फोडलं की आत जे लाल-गुलाबी तंतू दिसतात, ती शेकडो बारीक फुलं. बाहेरून फक्त खाली एक डोळा. उंबर फोडलं की केंबरं उडतात, त्यांच्या आया त्या डोळ्यातूनच आत गेलेल्या असतात आणि त्यांच्यामुळेच उंबराला बी धरतं. अंजिराच्या मूळ मुलखातही असंच दोन मिलिमीटरचं केंबरू आहे.

मात्र सगळ्याच अंजिरांना ते लागत नाही, आणि जातींचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ढोबळ तीन तऱ्हा धरा. एक रानअंजीर. ते नर झाड, खाण्याच्या कामाचं नाही, पण केंबरं त्याच्यातच वाढतात. दुसरी तऱ्हा स्मर्ना अंजिराची. केंबराने रानअंजिराचा पराग आणून घातला तरच याचं फळ टिकतं, नाही तर कच्चंच गळून पडतं. तिसरं साधं अंजीर. हे कोणाची वाट बघत नाही, परागाशिवायच पिकतं. पुण्याचं अंजीर या तिसऱ्या तऱ्हेचं. डायना आणि कोनाड्रियाही त्याच तऱ्हेची. उपासाला अंजीर चालतं का, आत किडा असतो का, असं आम्हाला नेहमी विचारतात. आपल्या पुरंदरच्या अंजिरात केंबरू नसतं. ते असतं उंबरात, आणि उंबर तर आपण पुजतो!

साध्या अंजिराचं बी पोकळ असतं, ते उगवत नाही. म्हणजे हे झाड माणसाने फांदी तोडून लावल्याशिवाय वाढायचंच नाही. यावरून एक मोठा तर्क निघाला आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात, जेरिकोजवळ गिलगाल नावाच्या जागी जुन्या घराच्या अवशेषांत नऊ जळकी अंजिरं सापडली. वय सुमारे ११,४०० वर्षं. ती साध्या, परागाशिवाय पिकणाऱ्या जातीची असावीत असं २००६ साली अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे गहू-जव पिकवायला लागण्याच्याही आधी कोणीतरी अंजिराच्या फांद्या लावत होतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. रानातही कधीमधी असं झाड आपोआप निपजतं, असं काहींचं म्हणणं आहे. पण पटो न पटो, त्या काळी रानात फिरून फळं वेचणाऱ्यांनी झाडाझाडातला फरक चाखून ओळखला असणार, आणि वेचायला जाणाऱ्यांत बाया नव्हत्या असं काही आम्हाला वाटत नाही.

आता तुर्कस्तानात येऊ. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर स्मर्ना हे बंदर, आज त्याला इझमिर म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूला आयदिनचं खोरं आहे. उन्हाळा कडक आणि कोरडा, पाऊस हिवाळ्यात. फळ झाडावरच पिकून मऊ होतं, अर्धवट सुकतं आणि आपोआप खाली पडतं. मग ते उन्हात पसरून पुरतं सुकवायचं. पिकायच्या ऐन वेळी पाऊस नसतो म्हणून हे जमतं. ती जात म्हणजे सारीलोप, हीच जगप्रसिद्ध स्मर्ना. तिथले शेतकरी जूनच्या सुमारास रानअंजिराची फळं दोरीत ओवून बागेतल्या झाडांवर टांगतात. आतली केंबरं बाहेर पडून या अंजिरात शिरतात. ही रीत फार जुनी. ग्रीक पंडित थिओफ्रॅस्टसने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ती लिहून ठेवली आहे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचं हवामानही असंच, उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. तिथल्या लोकांना वाटलं, स्मर्ना अंजीर आपणही पिकवू. १८८० नंतरच्या एक-दोन वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’ या वर्तमानपत्राने तुर्कस्तानातून हजारो छाट कलमं मागवली आणि वर्गणीदारांना वाटली. कलमं जगली. झाडं वाढली, पानं जोमदार, फळंही धरली. आणि गोटीएवढी झाली की गळून पडली. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. लोक म्हणायला लागले, तुर्कांनी आपल्याला फसवलं, भलत्याच झाडाच्या फांद्या दिल्या.

फसवणूक काही नव्हती. कलम आलं होतं, केंबरं मागेच राहिली होती. आणि ज्यांना केंबरांचं काम माहीत होतं त्या शेतकऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. रानअंजिरं टांगण्याची रीत म्हणजे अडाण्यांची समजूत, असं शिकलेल्या लोकांत मानलं जायचं. फ्रेस्नो गावात गुस्टाफ आयसन या अभ्यासकाने केंबरांशिवाय फळ टिकणार नाही असं सभेत सांगितलं, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आम्हाला हा प्रसंग फार ओळखीचा वाटतो. आपली आजी उतरंडीत बियाणं ठेवताना राख घालायची, तेव्हा तिलाही कोणीतरी हसलंच होतं.

फ्रेस्नोच्या जॉर्ज रोडिंगने मात्र ते मनावर घेतलं. १८९० साली त्याने हाताने पराग फळाच्या डोळ्यातून आत घातला. तेवढीच मोजकी फळं झाडावर राहिली आणि पिकली, बाकीची गळाली. खात्री पटली. पण हजारो फळांत एकेक करून पराग कोण घालणार? केंबरंच आणायला हवी होती. कित्येक खेपा फुकट गेल्या. शेवटी १८९९ साली सरकारी शेतीखात्याच्या वॉल्टर स्विंगलने अल्जीरियातून रानअंजिरं कथलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पाठवली. त्यातली केंबरं जिवंत पोचली आणि रोडिंगच्या बागेत स्थिरावली. झाडं आल्यापासून जवळजवळ वीस वर्षं गेली होती. मग रोडिंगने या अंजिराला कॅलिफोर्निया आणि स्मर्ना मिळून ‘कॅलिमर्ना’ नाव दिलं.

केंबरांचा व्याप मोठा होता. रानअंजिराची वेगळी झाडं राखायची, दर वर्षी फळं टांगायची, आणि केंबरांबरोबर फळात सडही शिरायची. म्हणून पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात इरा काँडिट या संशोधकाने वेगळी वाट धरली. केंबराशिवाय पिकेल, सुकायलाही चांगलं, असं अंजीर संकरातून काढायचं. त्यातून १९५०च्या दशकात कोनाड्रिया आलं. काँडिटचं ‘कॉन’ आणि एड्रियाटिक जातीचं ‘अड्रिया’. विद्यापीठातलं हे काम पुढे चालू राहिलं, त्यातूनच डायना आणि एक्सेल आली. म्हणजे रंगीत कागदावरची डायना ही अशी त्या वीस वर्षांच्या फजितीची नात!

काँडिटने आणखी एक मोठं काम केलं. जगभरच्या शेकडो अंजिरांची नोंद करून १९५५ साली त्यांचं वर्णन छापलं. त्यात ठिकठिकाणी दिसतं की एकाच जातीला दहा गावांत दहा नावं आहेत. आणि तीच जात जागा बदलली की ओळखू येत नाही. समुद्राजवळच्या थंड हवेत फळ मोठं, सालीला हिरवं, आत गडद लाल. तेच तापलेल्या खोऱ्यात लहान, पिवळसर, आत फिकट. झाड एकच, कारण कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. फरक फक्त हवेचा. म्हणून कागदावरचा फोटो बघून जात निवडणं म्हणजे लग्नाआधी नुसता फोटो बघण्यासारखं आहे.

आता आपल्याकडे. अंजीर हा शब्दच फारसी आहे, त्यावरून झाड कोणत्या वाटेने आलं याचा अंदाज येतो. दख्खनमध्ये ते जुन्या काळापासून रुजलं. मराठवाड्यात दौलताबादचं अंजीर, कर्नाटकात श्रीरंगपट्टणजवळचं गंजाम, बेल्लारीचं बेल्लारी, आणि आपलं पुणे अंजीर. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी ही पुरंदरची गावं आणि शेजारच्या दौंड तालुक्यातलं खोर, इथल्या बागा प्रसिद्ध आहेत. जमीन चुनखडीची, पाऊस कमी, हवा कोरडी. अंजिराला हे मानवतं, चुनखडीचं त्याला वावडं नाही. पण ऊन चाळीस अंशांच्या घरात गेलं की फळ वेळेआधी पिकतं आणि साल चिवट होते.

तुर्कस्तान आणि आपल्यात मोठा फरक पावसाचा. त्यांचा पाऊस हिवाळ्यात, आपला ऐन जून ते सप्टेंबर. म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी बहार धरायची युक्ती काढली. जूनच्या सुमाराला छाटणी करून धरला तो खट्टा बहार. त्याची फळं हिवाळ्यात येतात. बाजारात माल कमी असल्याने भाव बरा मिळतो, पण पावसाळ्यात पानांवर तांबेरा पडतो आणि फळाला गोडी कमी. पावसाळ्यात झाडाला विश्रांती देऊन सप्टेंबर-ऑक्टोबरला धरला तो मीठा बहार. फळं मार्च ते मे, गोडीला तोड नाही, पण उन्हाळ्यात पाणी लागतं. तुमच्या विहिरीला मार्चमध्ये पाणी आहे का, हा प्रश्न जातीच्या नावाआधी येतो.

पुणे अंजीर फिकट जांभळं, आत लालसर गुलाबी, साल पातळ, चवीला सरस. पण पातळ सालीमुळे ते दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. पहाटे तोडायचं, पाटीत अंजिराचीच पानं घालून भरायचं आणि त्याच दिवशी बाजार गाठायचा. तोडणी-भरणी मुख्यतः बायांकडे. देठातून चीक गळतो, बोटांची साल जाते, पानांच्या खरखरीने हातांना खाज सुटते. जातींची तुलना करणाऱ्या तक्त्यांत वजन असतं, गोडी असते, झाडामागे किलो असतात. कोणत्या जातीच्या तोडणीत बोटं जास्त सोलतात, हा रकाना आम्हाला अजून कुठल्या तक्त्यात दिसला नाही.

संशोधनही झालं आहे. दौलताबादच्या अंजिरातून निवडून ‘दिनकर’ ही जात आली. उत्पन्नाला आणि फळाला ती मूळ जातीपेक्षा सरस ठरली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र पुरंदर तालुक्यातच जाधववाडीला आहे, आणि विद्यापीठाने ‘फुले राजेवाडी’ ही जात दिली आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२४ साली पुरंदरच्या अंजिराचा रस पोलंडला गेला. दोन दिवसांत खराब होणारं फळ रस होऊन समुद्रापार पोचलं.

राहिला सुकवण्याचा प्रश्न. दुकानात दोरीत ओवलेले सुके अंजीर मिळतात, ते बहुतेक अफगाणिस्तानातून येतात. तिथली जात वेगळी, हवा वेगळी. आपलं पुणे अंजीर खायला ताजंच उत्तम, सुकवण्यासाठी ते निवडलेलं नाही. डायना मोठं, सोनेरी-हिरवट सालीचं असतं, सुकवायला त्याचं नाव घेतात. पण हिशोब करा. ताज्या अंजिरात शंभरात ऐंशीच्या आसपास पाणी असतं. एक किलो सुकं हवं तर चार किलोच्या आसपास ताजं लागणार, शिवाय वाळवणाची जागा, धूळ-माशीपासून राखण आणि मजुरी. चार किलो ताज्या मालाचे बाजारात किती मिळतात ते आधी काढा, आणि सुक्याचा भाव त्याच्या शेजारी लिहा. खट्ट्या बहाराचा आणि मीठ्या बहाराचा हिशोब वेगवेगळा मांडा.

आणि रोपं घेण्याआधी एक करा. ज्या गावात तुमच्यासारखीच जमीन आणि तुमच्याइतकंच पाणी आहे, तिथली चार-पाच वर्षांची डायनाची बाग आणि पुणे अंजिराची बाग, दोन्ही तोडणीच्या वेळी बघून या. दोन्हींची एकेक किलो फळं घरी आणा. वजन करा, कापून बघा, पोरांना खाऊ घाला, उरलेली दोन दिवस माठाजवळ ठेवून परत बघा. आणि बागेत गेल्यावर मालकाशी बोलून झालं की तोडणीवाल्या बायांशीही बोला. कोणतं फळ पाटीत दबतं, कोणतं तडकतं, पाऊस पडल्यावर कोणतं आंबतं, हे त्यांना पाठ असतं.