जोसेफ डेव्हिड पेणकर : ‘आलम आरा’चे नाटककार

जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्राएल समाजातले नाटककार. मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी नाटके लिहिली, बसवली आणि पुढे बोलपटांतही नाव मिळवले.

पांढुर्णा-सौंसरच्या आपल्या सभासदांपैकी अनेकांना या समाजाची ओळख नसेल. बेने इस्राएल म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले यहुदी. त्या वेळच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घरची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली. पेणचे ते पेणकर.

डेव्हिड यांची लेखणी मात्र मुख्यतः उर्दू-हिंदुस्तानीत चालली. पारशी कंपन्यांचा प्रेक्षक अनेक भाषांचा आणि दौरे दूरदूरचे. सर्वांना कळेल अशी भाषा लागे. घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी, ही रीत आपल्याकडे रोजचीच. म्हणून हा माणूस आम्हाला जवळचा वाटतो.

त्यांचे ‘आलम आरा’ हे नाटक अर्देशीर इराणी यांनी पहिल्या भारतीय बोलपटासाठी निवडले. राजाच्या दोन राण्या, गादीच्या वारसावरून हेवा, भटक्यांत वाढलेली सेनापतीची मुलगी आणि तिच्यावर जीव जडलेला राजपुत्र, अशी कथा. निवड योग्यच होती. चित्रपटाला नुकताच आवाज आला होता, पण तो कसा वापरायचा हे रंगभूमीलाच ठाऊक होते. बोलपटात सात गाणी होती. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले.

नायक मास्टर विठ्ठल मूकपटांचे लाडके नट, तेही मराठी. त्यांची उर्दू कच्ची, त्यामुळे नायकाचे संवाद बेताचेच ठेवले, असे सांगतात. लेखकही मराठी घरातला, पण भाषेत अडला तो नायक!

पुढे डेव्हिड वाडिया बंधूंकडे गेले. ‘लाल-ए-यमन’ (१९३३) हा वाडिया मूव्हीटोनचा पहिला बोलपट त्यांच्याच कथेवर उभा राहिला. नाडियाच्या ‘हंटरवाली’शीही (१९३५) त्यांचे नाव जोडलेले आहे.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, उरली ती छायाचित्रे आणि जाहिराती. आमच्या मते, दुसऱ्या भाषेत लिहिले म्हणून डेव्हिड मराठी नाट्यपरंपरेच्या यादीबाहेर राहू नयेत. आमच्या यादीत आम्ही त्यांना घेतले आहे.